मधुमेहींसाठी मुगाची खिचडी : तांदूळ मागे, डाळ पुढे

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाच्या हाती आहाराचा जो कागद पडतो, त्यात भात, बटाटा आणि साखर या तीन शब्दांखाली बहुधा पेनाने रेघ मारलेली असते, आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या माणसाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो की आता रात्रीची खिचडीसुद्धा गेली का. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रवासाहून उशिरा परतल्यावर, ताप उतरल्यावर, महिनाअखेरीस डब्यांचे तळ दिसू लागल्यावर किंवा नुसताच स्वयंपाकाचा कंटाळा आल्यावर आपल्याकडे कुकर लागतो तो खिचडीचाच. आमच्या घरी वडिलांचे निदान झाले तेव्हा आईने खिचडी एकदम बंद केली. वडिलांनी चार महिने निमूटपणे भाकरी-भाजीवर काढले आणि पाचव्या महिन्यात, आई गावी गेलेली असताना, स्वतःच कुकर लावून दोघांपुरती खिचडी एकट्याने संपवली. त्यानंतर आम्ही बंदीचा नाद सोडला आणि खिचडीच बदलायला घेतली. ज्यांच्या घरी हे निदान नवे आहे, त्यांच्यासाठी तो बदल क्रमाने येथे मांडला आहे.

कुकर लावण्यापूर्वी : औषधांची चौकशी

हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण उत्साहाच्या भरात नेमके हेच राहून जाते. इन्शुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने जेवणातला भात अचानक निम्म्याने कमी केला आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर रक्तातील साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते. म्हणून आहारात काय बदल करणार आहोत, हे डॉक्टरांना आधी सांगून मात्रेविषयी विचारून घ्यावे. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, अचानक भूक लागणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, अशी लक्षणे दिसली आणि मोजल्यावर साखर ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे आकडेही याच मापात) खाली आली, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये व तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे चालू असतील, तर साधी साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधे साखरेचे आतड्यातील विघटनच लांबवतात. अशांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवावी.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही थांबावे. पुढे सांगितलेल्या खिचडीत डाळ भरपूर आहे, आणि त्यांच्या बाबतीत प्रथिने व पोटॅशियम किती चालेल, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवू शकतात.

खिचडीत नेमके काय नडते

मऊ खिचडी पचायला हलकी म्हणून आपण तिचे कौतुक करतो, परंतु मधुमेहाच्या दृष्टीने अडचण त्या हलकेपणातच आहे. तांदळातील पिष्ट पाण्यात शिजताना फुगते आणि जितके अधिक शिजते, जितके घोटले जाते, तितके त्याचे ग्लुकोजमध्ये रूपांतर वेगाने होते. पाच-सहा शिट्ट्या देऊन पळीने घोटलेला भात ताटात येतो तेव्हा पचनाचे अर्धे काम स्वयंपाकघरातच उरकलेले असते. त्यात आपल्याकडच्या नेहमीच्या प्रमाणात तांदूळ तीन भाग आणि डाळ एक भाग असते. किंबहुना अनेक घरांत डाळ रंगापुरतीच पडते.

या प्रमाणाला चवीपेक्षा पैशाचे कारण अधिक आहे. डाळ नेहमीच तांदळापेक्षा महाग राहिली. जानेवारी २०२३पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेवर धान्य मोफत मिळते, पण डाळ बहुतेकांना किराणा दुकानातूनच आणावी लागते. तेव्हा ‘डाळ वाढवा’ हा सल्ला देणाऱ्याने त्याचा खर्चही सांगावा. पुढील कृतीत डाळ वाढते, पण एकूण धान्य कमी होते आणि भाजी मोसमाची घेतली, तर दोघांच्या जेवणाचा खर्च फारसा वाढत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मोजमाप, आणि त्याचा हिशोब

पहिला आठवडा तरी स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा वापरावा. वाटी हे फसवे माप आहे. एका घरातली वाटी दुसऱ्या घरातल्या वाटीच्या दीडपट असू शकते. काटा नसल्यास दुकानदाराकडून १०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम डाळ वेगवेगळी मोजून आणावी, घरातल्या एकाच वाटीत ती कुठवर येते याची खूण करावी आणि पुढे तीच वाटी मापाची म्हणून राखून ठेवावी.

१०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके आणि ८ ग्रॅम प्रथिने असतात. तितक्याच मुगाच्या डाळीत, तंतू वगळता, सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदके आणि २४ ग्रॅम प्रथिने असतात. जुन्या पद्धतीने एका माणसासाठी ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम डाळ धरली, तर ताटात सुमारे ७२ ग्रॅम कर्बोदके येतात. आता प्रमाण उलटे करून २० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ घेतली, तर धान्यातून ३८ ग्रॅम आणि दीडशे ग्रॅम भाजीतून आणखी चार-सहा ग्रॅम, अशी कर्बोदके ४२ ते ४४ ग्रॅमपर्यंत खाली येतात. प्रथिने मात्र जवळजवळ तेवढीच, म्हणजे ११-१२ ग्रॅम राहतात. भाजी आणि पाणी यांमुळे ताटलीतला ऐवज कमी दिसत नाही, हाही फायदा लहान नाही. अर्धे रिकामे ताट पाहून उठलेला माणूस तासाभराने फरसाणाचा डबा उघडतो.

एक भाग तांदूळ, दोन भाग डाळ, साडेसात भाग भाजी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तथापि हे प्रमाण पहिल्याच दिवशी आणू नये. एकदम वाढवलेल्या डाळीने पोट फुगते, आणि चव इतकी बदलते की घरातली बाकी मंडळी बंड करतात. पहिल्या आठवड्यात दोन भाग तांदळास एक भाग डाळ, दुसऱ्या आठवड्यात समसमान आणि तिसऱ्या आठवड्यात एकास दोन, असे सरकत जावे.

तांदूळ कोणता, आणि त्याऐवजी काय

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ आणि पैसा याच प्रश्नावर खर्च होतो, म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो : तांदळाची जात बदलण्याने जेवढे साधते, त्यापेक्षा कितीतरी अधिक त्याचे माप बदलण्याने साधते. ‘मधुमेहींसाठी खास’ असे छापलेली चौपट किमतीची पिशवी आणून पूर्वीइतकाच भात खाणारे मी पाहिले आहेत.

तरीही जातीजातीत फरक आहेच. आंबेमोहर आणि इंद्रायणी शिजल्यावर मऊ व चिकट होतात, त्यांच्या खिचडीची लज्जत त्यामुळेच असते, पण मधुमेहींना मोकळा शिजणारा तांदूळ अधिक सोयीचा. जुना तांदूळ नव्यापेक्षा मोकळा होतो. बासमतीचा तुकडा स्वस्तात मिळतो आणि वीस-वीस ग्रॅमच वापरायचा असल्याने परवडतोही. हातसडीचा तांदूळ मिळाला तर उत्तम. तो मात्र तास-दोन तास भिजवावा लागतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुळशीच्या आंबेमोहराला किंवा आजऱ्याच्या घनसाळला ‘जीआय’ मिळाले आहे, असे वाचून काही जण तो तांदूळ मधुमेहाला चालतो असे समजतात. ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. अन्नातील कर्बोदकांमुळे रक्तातील साखर किती वेगाने चढते हे दाखवणारा ग्लायसेमिक निर्देशांकही त्याच आद्याक्षरांनी ओळखला जातो, पण या दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

तांदूळ पूर्णच टाळायचा असेल, तर ज्वारीच्या कण्या हा आपल्याकडचा जुना आणि स्वस्त पर्याय आहे. कण्या चार-पाच तास भिजवल्या की कुकरमध्ये मऊ शिजतात आणि लसणाच्या फोडणीत फार चविष्ट लागतात. गव्हाचा दलियाही चालतो. मात्र ज्वारी असो वा गहू, कर्बोदके त्यातही भरपूर आहेत, त्यामुळे माप तेच, माणशी वीस ग्रॅम. उपवासाच्या भगरीला आजकाल औषधाचा दर्जा दिला जातो; तिच्याही बाबतीत माप सुटले की सगळे सुटते. साबुदाण्याची खिचडी ही नावापुरतीच खिचडी आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने तिला येथील कोणतीही युक्ती लागू पडत नाही.

डाळ सालीची घ्यावी. पिवळ्या धुतलेल्या मुगाच्या डाळीपेक्षा हिरव्या सालीच्या डाळीत तंतू अधिक असतात. मोड आलेले अख्खे मूग किंवा मसूरही चालेल. भाजीत दुधी, फरसबी, फ्लॉवर, कोबी, पालक, मेथी, शेपू यांतील जे स्वस्त असेल ते घ्यावे. शेपू आणि मूग यांची जोडी तर जुनीच आहे. गाजर व मटार मूठभर चालतात. बटाटा नको, कारण तो घातला की तांदळात केलेली काटकसर वाया जाते.

कृती

दोघांसाठी ८० ग्रॅम सालीची मुगाची डाळ, ४० ग्रॅम तांदूळ आणि चिरलेली ३०० ग्रॅम भाजी, त्यांपैकी निम्मा दुधी, असे साहित्य घ्यावे. फोडणीसाठी दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, चार-पाच लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि एक-दोन हिरव्या मिरच्या लागतील.

या कृतीचे मर्म एका वाक्यात सांगायचे, तर खिचडीचा मऊपणा डाळीकडून आणि दुधीकडून घ्यायचा, भाताकडून घ्यायचा नाही. त्यासाठी दोन्ही वेगवेगळे शिजवावे लागतात. भांडे एक जास्त पडते, हे मान्य आहे. पण हीच पायरी गाळली, तर उरते ती जुनीच खिचडी, फक्त कमी भाताची.

डाळ धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवावी. नंतर ती, दुधीच्या फोडी, हळद, चिमूटभर हिंग आणि सुमारे अर्धा लिटर पाणी कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या द्याव्यात व वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकर गार होईपर्यंत दुसऱ्या पातेल्यात दीड-दोन पेले पाणी उकळावे, त्यात धुतलेला तांदूळ सोडावा आणि दाणा बोटांत दाबल्यावर सहज तुटेल पण लगदा होणार नाही, अशा बेताने शिजवून पेज निथळून टाकावी. ही पेज ‘ताकदीची’ म्हणून मधुमेही व्यक्तीलाच पाजण्याची काही घरांत चाल आहे. ती टाळावी, कारण निथळलेले पिष्ट त्यातच असते.

कुकर उघडल्यावर डाळ आणि दुधी रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटून एकजीव करावे. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेले आले-लसूण आणि मिरची घालावी, उरलेली भाजी त्यात टाकून झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ आणावी, मग घोटलेली डाळ, मीठ आणि हवा असल्यास अर्धा चमचा गोडा मसाला घालून एक उकळी काढावी. भात सर्वांत शेवटी, ताटे मांडल्यावर मिसळावा आणि त्यानंतर दोन मिनिटांपेक्षा अधिक उकळू नये. गोड्या मसाल्याबरोबर गुळाचा खडा टाकण्याची सवय असते. त्याऐवजी एक-दोन आमसुले किंवा लिंबाचा रस घालावा, म्हणजे चव अपुरी वाटत नाही. वरून कोथिंबीर आणि चमचाभर ओले खोबरे.

पहिल्या खेपेस ही खिचडी आमटी आणि भाजी यांच्या मधली काहीतरी वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत जिभेला तिचा अंदाज येतो. आमच्याकडे लसूण वाढवल्यावर तक्रारी थांबल्या.

ताटात आणखी काय

काकडी, मुळा किंवा कोबीची कोशिंबीर आधी खावी आणि खिचडीला नंतर हात घालावा. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे, आणि ही युक्ती फुकट आहे. साजूक तूप एक चहाचा चमचा घ्यावे. तुपाने साखर वाढत नाही हे खरे असले, तरी ‘साखर वाढत नाही’ म्हणून धार धरणाऱ्यांचे वजन वाढते आणि मग त्या वाटेने मधुमेह बिघडतो. पापड आणि लोणचे यांत साखरेपेक्षा मिठाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब असतोच असतो, असे निम्म्या घरांचे चित्र आहे. भाजलेला एक पापड आणि लोणच्याची लहानशी फोड, यांवर थांबावे. कढी करायची तर त्यात साखर घालू नये. त्यापेक्षा जिरेपूड घातलेले पातळ ताक बरे. दुसऱ्यांदा वाढून घ्यावेसे वाटले, तर कोशिंबीर किंवा ताक घ्यावे, खिचडी नव्हे.

आपली खिचडी आपल्याला किती मानवते

येथवर सांगितलेले सर्व आकडे सर्वसाधारण आहेत. एकाच वाटीतली खिचडी खाऊन दोन माणसांची साखर वेगवेगळी चढते, म्हणून शेवटचा निर्णय ग्लुकोमीटरकडे सोपवावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला फळाचा किंवा साखरेचा अंश आकडा फुगवतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी पुन्हा एकदा, बोटाच्या टोकाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचून साखर मोजावी. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांत १८०च्या खाली, अशी मर्यादा सुचवते. वयोवृद्धांसाठी ती सैल आणि गर्भवतींसाठी कडक असते, त्यामुळे आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

वहीत तारीख, तांदूळ व डाळीचे वजन, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, एवढे चारच रकाने पुरतात. तुलना खरी व्हावी, यासाठी जेवणाची वेळ, गोळ्या आणि चालणे त्या दिवसांत सारखे ठेवावे. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. तीन वेळा करून पाहावे. नंतरचा आकडा तरीही मर्यादेबाहेर जात असेल, तर भात पाच ग्रॅमने कमी करावा आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात का होईना, चालावे. वडिलांच्या वहीत चालण्याच्या दिवसांचे आकडे वेगळे उठून दिसत असत, आणि ते पाहूनच ते जेवल्यावर आरामखुर्चीकडे न वळता पायात चपला घालू लागले.

आजारपणातली खिचडी

ताप, उलट्या किंवा जुलाब चालू असताना सालीची डाळ आणि तीनशे ग्रॅम भाजी पोटाला सोसणार नाही. अशा वेळी धुतलेली मुगाची डाळ आणि तांदूळ समसमान घेऊन केलेली पातळ, मऊ खिचडी थोडी थोडी, दोन-तीन तासांच्या अंतराने द्यावी. आजारपणात जेवण कमी असूनही साखर वाढू शकते, त्यामुळे ती नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजावी, पाणी पीत राहावे आणि ‘खाल्लेच नाही, मग औषध कशाला’ अशा विचाराने इन्शुलिन किंवा गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते तात्पुरते थांबवायचे, हे औषधागणिक बदलते. ते डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारावे. अन्न किंवा पाणी पोटात ठरतच नसेल, तर घरी वाट पाहू नये.

उरली तर

भात आणि डाळ वेगळी शिजवण्याचा आणखी एक फायदा येथे कळतो : भात मिसळण्याआधीच उद्याचा वाटा बाजूला काढता येतो. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये, कारण त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही. तासाभरात तो फ्रिजमध्ये ठेवावा. गार झालेल्या भातातील थोडे पिष्ट पचायला जड होते, म्हणून दुसऱ्या दिवशीची खिचडी साखर किंचित कमी चढवते असे म्हणतात. फरक पडलाच तर तो इतका लहान असतो की त्या भरवशावर भाताचे माप वाढवू नये. सकाळी डाळीचा भाग पाणी घालून खळखळून तापवावा, भात त्यात सोडून चांगली वाफ येऊ द्यावी आणि डब्यात भरायचा असल्यास ताक वेगळ्या बाटलीत द्यावे, कारण दुपारपर्यंत ही खिचडी घट्ट होते आणि कोरडी लागते.